मिठाने फोडलेलं बिंग

कारखान्याच्या कँटीनमध्ये काकूंनी रश्श्याला फोडणी टाकली की यंत्रावरची माणसं भोंग्याची वाट न बघता हात धुवायला निघायची. तोच रस्सा एका दुपारी असा उतरला, की पहिल्या घासालाच फोरमनने डोळे गच्च मिटले.

"काकू, समुद्र आटवून घातलात की काय?"

"तुझ्या जिभेला काहीतरी झालंय," काकूंनी त्याला उडवून लावलं.

झालं होतं काकूंच्याच जिभेला. काहीही खा, कापूस चघळल्यासारखं लागायचं. गिळताना जळजळ व्हायची, ओठांचे कोपरे चिरले होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल, कोंडा धरलेलं पुरळ उठलं होतं. ते काकूंनी शेगडीच्या नावावर खपवलं.

नवरा गेल्यापासून काकू थोरल्या नणंदेबरोबर राहायच्या. नवऱ्याकडून काकूंना एचआयव्ही आलाय, हे घरात या दोघींनाच ठाऊक. रोजच्या गोळ्यांवर काकू इतकी वर्षं ठणठणीत होत्या. इतक्या, की 'मला काय धाड भरलीय' म्हणत मध्येच त्यांनी गुपचूप गोळ्या सोडून दिल्या.

खारट रश्श्याची गोष्ट कानावर आली, तशी त्या संध्याकाळी नणंद बॅटरी घेऊन समोर बसली. "वहिनी, आ करा."

जिभेवर, गालांच्या आत पांढरे थर.

"दही चोरून खाल्लंत?"

"छे हो, वन्सं!"

"मग गोळ्या तरी खाताय ना?"

काकू छताकडे बघू लागल्या. नणंद काय समजायचं ते समजली आणि सकाळीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

"ही बुरशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगातले राखणदार कमी झाले की ती तोंडात बिऱ्हाड थाटते. पुरळही त्याच्यामुळेच बळावलंय. राखणदारांना सुट्टी कुणी दिली?"

नणंदेने काकूंकडे बोट दाखवलं.

रक्त तपासलं, बुरशीचं औषध दिलं, पुरळावर मलम दिलं, एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काकूंच्या मनात मात्र भलताच घोर. "माझ्या हातचं आता कुणी खाईल का?"

"का नाही? स्वयंपाकातून किंवा उष्ट्यातून एचआयव्ही पसरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नणंदेने काकूंच्या तोंडातला चमचा काढून घेतला आणि त्याच चमच्याने ती त्यांच्या वाटीतलं सूप प्यायली. "अळणी आहे," ती म्हणाली. काकूंना हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्याने ठसका लागला.

चव परत येईपर्यंत नणंद कँटीनमध्ये मिठाची मुकादम झाली. फोरमनलाही पातेल्याजवळ फिरकू देईना. हळूहळू थर निवळले, पुरळ विरलं. एका सकाळी काकूंनी लिंबू चाखलं आणि डोळे मिचकावत ओरडल्या, "आंबट! वन्सं, आंबट लागलं!"

आता दवाखान्याच्या बाकावर काकू शेजारणीला खुशाल सांगतात, "जीभ दाखवा बघू." परवा एका गृहस्थांनी घाबरून जीभ दाखवली, वर काकूंना विचारलं, "डॉक्टर, पथ्य काय?"

"गोळी चुकवायची नाही," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "बाकी माझ्या हातचं काहीही चालेल."