शेवटची ओळ

झेरॉक्सच्या ताज्या कागदाला कोमट, किंचित जळका वास असतो. नाझियाचं पत्र हाती घेतलं तेव्हा तोच वास येत होता, आणि उमाळे भाऊ माझ्यावर नाराज होते.

अमरावतीत त्यांचं भाषांतर केंद्र आहे. मी तिथे इंग्रजी मसुदे करते. म्हणजे लोकांची गरज ऐकून तिचं पत्र बनवते. नाझिया हिवरखेडची परिचारिका. तिला परदेशातल्या रुग्णालयात नोकरी मिळाली होती. अकोल्याच्या ज्या संस्थेत ती शिकली, तिथून पडताळणीचं प्रमाणपत्र थेट रुग्णालयाला जायला हवं होतं. तशी मागणी करणाऱ्या पत्राच्या शेवटचं ‘काइंडली डू द नीडफुल’, म्हणजे ‘कृपया योग्य ती कारवाई करावी’, मी खोडलं आणि ‘थँक यू फॉर युअर टाइम’ लिहिलं.

“म्याडम, काहून काढलं?” भाऊंनी विचारलं.

“जुनाट आहे. इंग्रज आता असं लिहीत नाहीत.”

“इंग्रजाले कोन पाठवून राहिलं? अकोल्याले चाल्लं न पत्र.”

मी ऐकलं नाही. कवितेवर वाढलेल्या कानाला ते वाक्य गंजलेल्या कडीसारखं वाजत होतं.

दोन आठवडे रुग्णालयात काहीच पोचलं नाही. त्यांनी दिलेल्या मुदतीच्या दिवशी सकाळी मी नाझियासोबत बडनेऱ्याहून गाडी पकडली. अकोल्यात जठारपेठेजवळच्या त्या संस्थेत आवक कागद तायडे बाबू पाहत.

“पत्र तं आलं,” ते म्हणाले. “लावलं न बराबर.”

“कुठे?”

“आभाराच्या फायलीत.”

फाईल उघडली. एका निरोप समारंभाच्या आभारपत्राखाली नाझियाची नोकरी निवांत पडली होती.

“यात प्रमाणपत्र मागितलंय.”

“शेवटी थँक यू हाये. दिवसाले गठ्ठाभर कागद येते, म्याडम. मी शेवटची ओळ पायतो अन् टेबल ठरोतो. नीडफुल असलं का कारवाईले. थँक यू असलं का आभाराले.”

“पहिली ओळ तरी वाचायची.”

“पहिल्या ओळीत सारेच रिस्पेक्टेड सर लिवते.”

नाझिया पुढे झाली. “बाबूजी, आज संध्याकाळपर्यंत गेलं नाई तं माही जागा वेटिंगवालीले भेटते,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. ओढणीचं टोक मात्र बोटाभोवती आवळत गेलं.

टेबल बदलायला तायडे बाबूंना ताजी दुरुस्त प्रत हवी होती. वाद घालायला माझ्यापाशी पुष्कळ होतं, वेळ नव्हता. त्यांच्याच संगणकावर मी माझ्या मेलमधून पत्र पुन्हा उघडलं, माझं सुबक वाक्य पुसलं आणि खोडलेलं वाक्य टाइप केलं. तायडे बाबूंनी कागदाला कारवाईचा हिरवा टॅग लावला आणि स्वतः प्राचार्यांकडे नेला. अर्ध्या तासात सहीचं प्रमाणपत्र मेलने रुग्णालयाला गेलं. संध्याकाळी परतीच्या गाडीत नाझियाच्या फोनवर उत्तर आलं. जागा पक्की. तिने ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

उमाळे भाऊंना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आता मसुदा करण्याआधी मी विचारते, हा कागद पहिल्यांदा कोणाच्या हातात पडणार? सुंदर वाक्याचा क्रमांक त्यानंतर.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मुलीचं पत्र त्याच संस्थेत पाठवलं आणि पोचलं का, म्हणून फोन केला. पलीकडे कागदांची सळसळ झाली. मग तायडे बाबू म्हणाले,

“शिकल्या, म्याडम.”