अण्णांचे गिड्डप्पा

अण्णा माणसाला भेटले की आधी त्याच्या तोंडात बघायचे, मग तोंडाकडे. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला मी गेले, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "उजव्या बाजूनं चावत नाहीस तू. दाढ दाखवून घे." बेळगावहून येऊन मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नुकतीच लागले होते. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं आणि दाढ खरंच दुखत होती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती.

शहरातल्याच शिवाजीनगरच्या एका दंतवैद्याकडे अण्णांनी तीस वर्षं कवळ्या केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मेण, तारा, बारीक ड्रिल, हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला हे सगळं घरी आलं आणि त्यातून एक वेगळाच उद्योग सुरू झाला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, पहिलं वर्षभर शेजारीपाजारी कुणाला त्याबद्दल सांगतच नव्हत्या.

झालं होतं असं, की एका परदेशी पेशंटनं मायदेशी परत जाताना अण्णांना एक खोका भेट दिला. त्यात शिशाचे, बोटाच्या पेराएवढे वीसेक सैनिक होते. तिकडच्या लोकांच्या कल्पित लढायांच्या खेळातले ठेंगू वीर: पोटापर्यंत दाढी, हातात कुऱ्हाड, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण. कन्नडमध्ये बुटक्याला गिड्ड म्हणतात, म्हणून अण्णांनी त्यांचं नाव ठेवलं गिड्डप्पा.

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलं, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. पुरावा म्हणून कागदाचा कपटाही नव्हता. अण्णांनी या गिड्डप्पांना त्या फौजेत भरती करायचं ठरवलं. शिंगं कापून त्या जागी हिरड्यांच्या मसाल्याची पगडी बसवायची, चिलखत घासून अंगरखा करायचा, आणि दाढी तर सगळ्यांचीच उतरवायची. "तोड्याची बंदूक म्हणजे पेटती वात हातात," ते मला समजावत. "एवढी दाढी ठेवली तर शत्रू कशाला पाहिजे? हाच पेटून जाईल की." लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांतली जुनी चित्रं भिंगाखाली धरून ते पगडीचे पेच मोजत. एखादी गोष्ट चित्रात दिसली नाही, तर त्या जागी रंगच लावत नसत. "माहीत नाही ते माहीत नाही. सरी?" सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं; मीही सरी म्हणायची.

रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसे. खारीच्या केसांच्या कुंचल्याचे चार-पाचच केस ठेवून ते डोळे रंगवत. मी काही विचारलं की, "स्वल्प थांब," म्हणत. श्वास रोखून डोळा पुरा करत आणि मग विसरून जात की मी काय विचारलं होतं.

त्या सगळ्यांत एक बंदूकवाला त्यांच्या जिवाचा होता. त्याची कुऱ्हाड मनगटापासून कापून, आत कवळीची तार घालून त्यांनी तोड्याची बंदूक धरलेला नवा हात जोडला होता. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे हाच. त्याचा चेहरा कसा होता ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे अण्णांनी स्वतःच्या वडिलांचा चेहरा त्याला दिला होता. खालचा ओठ जरा पुढे, गालाची हाडं वर. अक्का मला हळूच म्हणाल्या होत्या, "सासरे अगदी असेच दिसायचे गं."

कंपनीनं मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं, तेव्हा अण्णांनी तो बंदूकवाला कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला. "दाखव तिकडं. त्यांचे गिड्डप्पा आमच्याकडं येऊन काय झाले ते बघू देत. आणि काय म्हणतात ते नीट ऐकून ये."

तिथल्या कारखान्यात तीन आठवडे कामापलीकडे माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. अशा बाहुल्या रंगवणाऱ्यांचा एक क्लब गावात होता, तिथे मी एका शनिवारी गेले. बंदूकवाला टेबलावर ठेवताच पाच-सहा माणसं भोवती गोळा झाली. एकानं विचारलं, "तुम्ही केलात?" मी होकारार्थी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्यांची स्पर्धा होती. अर्जावर मी माझं नाव लिहिलं. एका म्हाताऱ्या परीक्षकानं भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे ज्यानं केलंय त्याला जबडा कळतो." पहिलं बक्षीस मिळालं. सेक्रेटरीनं विचारलं, हा आमच्या काचेच्या कपाटात ठेवू का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं.

परत आल्यावर अण्णांनी पायऱ्यांवरच विचारलं, "काय म्हणाले?"

"अण्णा, तो बॅगेत तुटला. मनगटातून. दाखवताच आला नाही. तुकडेसुद्धा हरवले."

जेवताना अण्णा म्हणाले, "तार बारीक पडली माझी."

त्यानंतर रविवारी ते बसत, पण नवे हात जोडत नसत. जुन्यांवरच रंग चढवत. शेवटी एका गिड्डप्पाला घेऊन त्यांनी तो बंदूकवाला पुन्हा करायला घेतला. तोवर मोतीबिंदू वाढला होता. दोन वर्षं त्यांचं ते काम चाललं. मी जिन्यावरून जाता-येता बघत होते आणि गप्प राहत होते. आज सांगू, उद्या सांगू म्हणत.

माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी अण्णांनी दुसरा बंदूकवाला माझ्या हातात ठेवला. मनगट सुजल्यासारखं जाड होतं, चेहरा कुणाचाच वाटत नव्हता. "दिसायला बरा नाही," ते म्हणाले, "पण हा तुटणार नाही. पहिल्या वेळी माझी चूक झाली. परक्या देशात तुला रिकाम्या हातानं फिरावं लागलं."

त्यांनी माझी माफी मागितली आणि मग मला राहवलं नाही. सामान दारात ठेवून मी सगळं सांगितलं. क्लब, अर्ज, बक्षीस, कपाट.

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे जोड टिकला होता?"

"टिकला होता, अण्णा."

"आणि काय म्हणाले ते?"

मी परीक्षकाचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते इंग्रजीत, त्याच्याच शब्दांत परत म्हणायला लावलं. मग आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जबडा कळतो म्हणाला." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तिकडे बघवेना. अक्का बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. "दोन वर्षं हा माणूस स्वतःच्या हाताला बोल लावत बसला होता," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी रिक्षात बसेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

पुण्याला पोचल्यावर मी त्या क्लबाला पत्र लिहिलं, खरं नाव कळवलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेही तसंच. पुढच्या वर्षी अण्णा गेले. मला ते महिनाभरानं, बेंगळूरच्या एका मैत्रिणीकडून कळलं. अक्कांनी कळवलं नव्हतं, आणि का नाही कळवलं असं विचारायला मला तोंड नव्हतं.

तो क्लब आता आहे की नाही, ठाऊक नाही. असलाच, तर कुठल्यातरी इंग्रजी गावात काचेआड अण्णांचे वडील बंदूक घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी माझं नाव आहे.