मावसबहिणीची प्रश्नावली

माझ्या मावसबहिणीइतकी शिकलेली आणि तितकीच गोंधळलेली बाई अख्ख्या भिलाईत दुसरी नसेल. तिथल्याच कोहका भागात मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथं ती काम करते. जगात कुठंही संशोधनाचा निबंध छापून आला की तो दुसऱ्या दिवसापासून कोहक्यात लागू झालाच पाहिजे, असा तिचा हट्ट. त्याआधी तो नातेवाइकांवर वापरून पाहते. जेवायला आली की पहिल्याच घासाला विचारते, "भाऊ, मागच्या हप्त्यात तुले किती वेळा उदास वाटलं?" मी म्हणतो, "हे बहीण म्हणून विचारून राहिली, का केंद्राकडून?" ती घास हातात धरून विचारात पडते. "थांब, मलेच समजून नाही राहिलं."

माझा मोठा भाऊ मात्र खरोखरच तिच्या केंद्रात होता. दादा स्टील प्लांटमध्ये वेल्डर. आजारात नोकरी सुटली, आणि नंतर कितीतरी वर्षं तो हुडको वसाहतीतलं घर आणि केंद्र सोडून कुठंही गेला नाही. औषधांनी कानातले आवाज थांबले. त्याचं बोलणंही जवळजवळ थांबलं. केंद्राच्या प्रश्नावलीत 'स्वतः भाजी आणता का?' या प्रश्नाला त्याला शून्य मिळालं. नवा निबंध सांगत होता, खोलीत शिकवू नका, खऱ्या बाजारात न्या. तिनं दादाला कॅम्प-1च्या बाजारात नेलं, हातात पिशवी दिली आणि निबंधात लिहिल्याबरहुकूम दहा पावलं मागं राहिली. तिच्या हातातला फॉर्म पाहून एका भाजीवालीला वाटलं, ही जागा खाली करायला आलेली साहेबीण. ती टोपल्याच आवरू लागली. तिची समजूत घालेपर्यंत दादा गायब!

"भाऊ, दादा हरवला!" फोनवर ती रडत होती. मी धावलो. तासाभरानं तो सापडला लोखंडी ग्रिल-गेट बनवणाऱ्या एका दुकानात. डोळ्यांसमोर काळी काच धरून गेटला वेल्डिंगचे टाके मारत होता. दुकानदार म्हणाला, "भैया बहुत देर से खड़े थे. फिर बोले, जोड़ कच्चा है."

"दादा, भाजी?" तिनं घाबरत विचारलं.

"आणतो ना. हे होऊ दे पहिले."

भाजी नाही, म्हणजे पुन्हा शून्य. तिनं शून्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

आता दादा रोज सकाळी दोन तास त्या दुकानात जातो. परवा केंद्राच्या बैठकीत त्याच्याबद्दल सांगायचं म्हणून ती आमच्या व्हरांड्यात कागद घेऊन बसली होती. पहिलंच वाक्य होईना. "कशानं फरक पडला, भाऊ? औषधानं, माझ्यानं, का त्या गेटनं? त्याले विचारलं त म्हणते, मालूम नाही."

"तसंच लिही," मी म्हणालो.

तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "चार वर्षं मी त्याले केंद्रात बसवून मणी ओवायले लावले," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच वर्षी बाजारात नेलं असतं त?"

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेलो, आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.