रूपाताईची रविवारची गाडी

आमच्या जामनेरच्या चर्चच्या मंडळीत पद घ्यायची वेळ आली की सगळ्यांना आपापल्या चपला एकदम महत्त्वाच्या वाटायला लागतात. मार्चच्या वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी विचारलं, "सेक्रेटरीपद कोण घेतं?" तर सगळे पंच खाली मान घालून पायाकडे बघत बसले. आधीचे सेक्रेटरी जीवरामभाऊ पुण्याला मुलाकडे निघाले होते आणि त्यांच्या जागी कोणी तरी हवं होतं.

"मी घेते ना," मागून आवाज आला.

रूपाताई तायडे. धुळ्याची लेक, जामनेरची सून, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून सारी नोकरी करून नुकतीच रिटायर झालेली. म्हणजे बसस्टँडवर खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारणारी. बाईमाणूस सेक्रेटरी झालेलं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पण हरकत घ्यावी तर पद आपल्या गळ्यात पडेल, या भीतीनं कोणी तोंड उघडलं नाही. मी नर्स आहे, हात वर करायची भीती मला कधी वाटली नाही. मी अनुमोदन दिलं.

पहिल्याच रविवारी सूचना वाचायला ती माईकपाशी गेली आणि म्हणाली, "मंडळींनी कृपया इकडे लक्ष द्यावे." तो स्टँडवरचा आवाज ऐकून दोन-चार जणांनी सवयीनं पिशव्या उचलल्या. उपासना झाल्यावर मी तिला यावरून चिडवलं. ती स्वतःच इतकी हसली की शेवटी तिला पाणी द्यावं लागलं. त्या दिवसांत ती अशीच होती, अंगात वारं भरल्यासारखी. घंटेचा दोर बदलला, पंखे पुसून घेतले, गायनवाल्यांना शनिवारी सरावाला बसवलं. सकाळी सातला तिचा फोन आला की नवीन काहीतरी सुचलेलं असायचं.

पण तिच्या मनातली खरी गोष्ट वेगळीच होती. करंजखेड्याची माणसं.

करंजखेडे इथून जवळ, पण रविवारी तिकडून येणारी पहिली एसटी पावणेदहाला पोचते. उपासना नऊला सुरू होते. त्यामुळे तिथली सगळी कुटुंबं धापा टाकत, अर्ध्यातून आत येतात आणि मागे चपलांच्या ढिगाऱ्यालगत जी लाल सतरंजी असते, तिच्यावर बसतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे सुरुवातीलाच वाढदिवसाची प्रार्थना होते. त्या महिन्यात जन्मलेल्यांना वेदीपुढे बोलावतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात, सगळी मंडळी गाणं म्हणते. सतरंजीवरच्या माणसांच्या वाट्याला ते कधी आलंच नाही. रूपाताईलाही नाही, कारण रविवारची ड्युटी उरकून ती धावत यायची आणि त्यांच्याच शेजारी मांडी घालायची. इतकी वर्षं ती सतरंजीवरूनच चर्च बघत होती.

एप्रिलच्या बैठकीत प्रेमराजभाऊंनी विषय काढला. प्रेमराजभाऊ आमचे सगळ्यांत जुने पंच. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा सफारी, पहिल्या बाकावरची जागा ठरलेली. 'आम्ही भुसावळचे' हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणणारे.

"करंजखेडेवाल्यांची दर रविवारी मधेच ये-जा चालते, उपासनेचा विरस होतो," ते म्हणाले. "त्यांची उपासना गावातच ठेवावी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जातील. त्यांचीही सोय, आपलीही."

सोय म्हटलं की माझं डोकं फिरतं. सोय म्हणजे काय, वेगळी पंगत. पण पंचांना ते पटायला लागलं होतं. रूपाताई उठली.

"मले जूनपर्यंत वेळ द्या. पहिल्या रविवारी बठ्ठा, सगळेच्या सगळे, नऊच्या आत येतीन."

"आणि नाही आले तर?"

"तर तुमचं म्हणणं मी स्वतः ठराव म्हणून वहीत लिहून घेईन."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, एसटी काय तुझ्या बापाची आहे?" ती म्हणाली, "दखू ना काय व्हस ते," म्हणजे बघू काय होतं ते. ती चिडली किंवा खुशीत आली की तिची अहिराणी बाहेर येते. त्या दिवशी दोन्ही होतं.

तिनं डोकं लावलं ते असं. करंजखेड्याहून शाळेच्या मुलांना आणणारी एक गाडी सकाळी आठच्या सुमारास पोचते. रविवारी शाळा नसते म्हणून ती गाडी डेपोतच उभी असते. मग तीच रविवारी का नाही सोडायची? ती डेपो मॅनेजरकडे गेली. तो तिच्या हाताखाली शिकलेला, तिला मावशी म्हणणारा. तो म्हणाला, "मावशी, रिकामी गाडी कशी पळवू? वरून विचारतील." ही म्हणाली, "रिकामी आली तर दुसऱ्या रविवारी बंद कर." असं तीनदा जाऊन बसल्यावर त्यानं एक जूनपासून प्रयोग म्हणून गाडी सोडायचं कबूल केलं. एक जून नेमका रविवारीच येत होता.

शनिवारी आम्ही दोघी करंजखेड्यात घरोघर फिरलो. सुकदेवनानांच्या ओट्यावर चहा झाला. नाना तिथले सगळ्यांत म्हातारे, आमच्या मंडळीतले. ते म्हणाले, "बाई, गाडी येईन म्हणतात अन् येत नाही. आमाले सवय हाये." रूपाताईनं त्यांचा हात धरून सांगितलं, "नाना, मी पाठवली म्हणजे येईनच." परतीच्या वाटेवर मात्र ती घरं पुन्हा पुन्हा बोटांवर मोजत होती. गाडी आली आणि माणसंच चढली नाहीत, तर ही माणसं आपल्यापासून कायमची तुटणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

रविवारी ती उजाडताच स्टँडवर जाऊन उभी राहिली. मीही गेले. आठ वाजून गेले. ती फलाटावर येरझारा घालत होती आणि मला म्हणत होती, "शांत राह ना." मी शांतच होते.

मग गाडी वळली. दारात माणसं लोंबकळत होती. रूपाताईनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. नाना उतरले, बायका उतरल्या, कोणाच्या डोक्यावर भाजीच्या टोपल्या, बाजारात द्यायच्या. त्या टोपल्यांसकट सगळी मंडळी आम्ही चर्चकडे निघालो. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सतरंजी तिनं आधीच गुंडाळून ठेवली होती. "बाकांवर बसा, पुढं बसा," ती एकेकाला सांगत होती. घंटा झाली. प्रेमराजभाऊ मान वळवून बघत राहिले.

"जूनमध्ये जन्मलेल्यांनी पुढे यावं," रूपाताईनं पुकारलं. तिच्या हातात वाढदिवसवाल्यांना द्यायचे मोजके गुलाब होते. दरवर्षीसारखे प्रेमराजभाऊ सफारी नीट करत उठले, दोन पोरं उठली. आणि मग सुकदेवनाना उठले. त्यांच्यामागे त्यांचा भाऊ. मग शेजारचा बाक. मग त्यामागचा. शाळेचं तोंड पाहिलेलं अर्धं करंजखेडे वेदीकडे चालत निघालं.

रूपाताई गुलाबांकडे बघत उभी राहिली. तिच्या लक्षात यायला वेळ लागला, माझ्याही. पूर्वी आईबापांना पोराची जन्मतारीख माहीत नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. गावच्या गाव एकाच दिवशी जन्मलं होतं, आणि इतक्या वर्षांत तो दिवस आम्ही कोणी साजरा केला नव्हता.

वेदीपुढे उभं राहायला जागा उरली नाही. नाना सरकत सरकत प्रेमराजभाऊंच्या अगदी शेजारी आले. मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडभर हसले.

"पेम्या, आपलं दोघायचं नाव गुरुजीनं एकाच दिवशी टाकलं होतं ना रे करंजखेड्याच्या शाळंत?"

हे बोलणं रूपाताईच्या हातातल्या माईकमधून सगळ्या चर्चभर गेलं. भुसावळचे प्रेमराजभाऊ लालबुंद झाले. मला वाटलं, आता हा माणूस नाकारणार. त्यांनी हळूच नानांच्या खांद्यावर हात टाकला.

"हो. अन् तू माही पाटी फोडली होती."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांना प्रार्थना सुरू करता येईना. रूपाताई माईक हातात धरून रडत होती, आणि मला काय झालं विचाराल तर मीही रडत होते, लाज कशाची.

उपासनेनंतर बैठक भरली. पाळकसाहेबांनी विषय वाचला, करंजखेड्याची उपासना वेगळी ठेवणे. रूपाताईनं पेन काढलं आणि प्रेमराजभाऊंकडे बघितलं.

"लिहा," ते म्हणाले. "पण मग मले बी तठीच पाठवा."

रूपाताईनं पेनाला टोपण लावलं.