अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न

धुळ्याच्या कॉलेजात व्यापारी कायद्याच्या तासाला ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. साक्रीकडची. सरांच्या प्रत्येक वाक्यानंतर ती "म्हणजे?" विचारायची आणि मुलं हसायची.

अठरा वर्षांखालच्याला करार बांधत नाही, असं सरांनी शिकवलं, त्या दिवशी ती उभीच राहिली. "सर, मनी सुपारी फुटनी, लगीन ठरनं, तवय माले पंधरावं व्हतं. मंग?"

"लग्न आपल्या अभ्यासक्रमात येत नाही."

"पन मी शे ना वर्गात."

रविवारी गावी जाऊन तिने होणाऱ्या सासरहून सुपारीला आलेली साडी स्वतःच्या हाताने परत केली. वडील संतापले. "मना शब्द मोडस? कॉलेज बंद तुनं."

"शब्द तुम्ही दिधा, आबा. मी दिधाच नही, ते मोडसू काय?"

सोमवारी पहिल्या एसटीने ती तासाला हजर होती.