लाल डबीवरची कातडी

नातवंडं मला भित्री म्हणतात. मी त्यांना सांगते, तुम्ही मला पंचावन्नाव्या वर्षी पाहायला हवं होतं. ती बाई भित्री होतीच, वर स्वतःला फार हुशार समजायची.

तेव्हा आम्ही तिकडे हिंदी मुलखात, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारणीची आणि आमची भिंत एकच. ती गोंदियाकडची, मी भंडाऱ्याकडची, दोघींचे नवरे प्लांटमध्ये. एकीला गावी जायचं असलं की घराची किल्ली दुसरीकडे. तुळशीला पाणी घालायचं, दिवा लावायचा. आलमारीची किल्ली मात्र आम्हा सगळ्या बायकांची एकाच जागी असायची, तांदळाच्या डब्यात, पार तळाशी. आणि ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली, असं प्रत्येकीला वाटायचं.

शेजारीण पुतण्याच्या लग्नाला गेली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुळशीला पाणी घालून मी निघाले आणि दारातून परत वळले. तिच्या आईची एकदाणी आलमारीत होती, सोन्याच्या मण्यांची एकच सर. तशीच माझी लेकीच्या लग्नात मोडली होती. फक्त घालून पाहायची होती हो! कोपरापर्यंत हात तांदळात घातला, किल्ली काढली, लाल डबी उघडली. मग आरशापुढे मान अशी वाकडी, तशी वाकडी. पंचावन्न वर्षांची घोडी! तेवढ्यात बाहेर भाजीवाला ओरडला. एकदाणी डबीत, डबी आलमारीत, दार लोटलं आणि पळाले.

सकाळी पाहते तर तिचं मागचं दार उचकटलेलं. आलमारी सताड उघडी, लाल डबी जमिनीवर पडलेली, रिकामी. आणि किल्ली आलमारीच्या कुलपात लटकलेली.

मी ती परत तांदळात ठेवली होती का? आठवेना. आजही आठवत नाही.

फोन केला तशी शेजारीण दुपारच्या गाडीनं आली. पोलीस आले, त्यांच्यासोबत हातमोजे घातलेली एक तरुण पोरगी. तिनं कापसाच्या काडीनं किल्ली हळूच पुसली, डबी कागदाच्या पाकिटात घातली. मी विचारलं, "ये क्या कर रही हो बेटा?"

"आंटी, जिसने भी हाथ लगाया होगा, उसकी चमड़ी के कण लगे होंगे. दिखते नहीं, पर उनसे डीएनए निकल आता है."

पोलिसांतला जमादार आलमारीकडे बघत म्हणाला, "ताला टूटा नहीं, चाबी से खुला है. कोई जानकार है." मग माझ्याकडे वळला. "घर की चाबी आपके पास थी ना? परसों थाने आइए, आपका भी सैंपल लगेगा."

दोन दिवस डोक्यात एकच हिशेब. ह्यांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं. क्वार्टरची अख्खी लाइन मला चोट्टी म्हणणार. लाइनीचं सोडा, भिंतीपलीकडची काय म्हणेल? ह्यांना सांगायची तर हिंमतच नव्हती. मोरीत बसून टाचा घासायच्या दगडानं हात रगडले, लालबुंद होईस्तोवर. जणू कातडी खरवडली की डबीवरचीही निघून येईल! मग घरातही कशाला हात लावायची भीती वाटू लागली. दाराची कडी पदरानं उघडायची, गिलास पदरानं धरायचा. मी चहा देताना ह्यांनी विचारलं, "हाताले काय झालं?" म्हटलं, "पोळले."

दुसऱ्या दुपारी मोठी अक्कल सुचली. प्लांटमधून मिळालेले ह्यांचे चामडी हातमोजे घातले आणि घर आवरायला मदत करते म्हणून शेजारणीकडे गेले. फडकं घेऊन आलमारी पुसायला लागले, आरसा पुसला. अर्ध्यात आठवलं, ह्या मोज्यांत ह्यांचाच घाम मुरलेला. म्हणजे मी माझी कातडी पुसून नवऱ्याची चोपडत होते. आता दोघंही आत! तिथंच फरशीवर बसले.

शेजारीण चहा घेऊन आली. "काय वं, भट्टीवर चालली का?"

मला हसू आलं नाही, रडू आलं. "मी तुही एकदाणी घालून पायली होती."

"कवा?"

"आदल्या दिवशी. किल्ली तांदळात ठेवली का कुलपातच राहिली, मले यादच नाही."

तिनं कप खाली ठेवला. "कावून घातली?"

"माही मोडली ना."

चहावर साय धरली. मग ती म्हणाली, "मायची होती ते. शेवटची तुह्याच गळ्यात पडली मंग."

शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

ठाण्यात मी एका दमात सगळं ओकले. ती हातमोजेवाली पोरगी हसली. "आंटी, आपका सैंपल तो इसीलिए कि आपके निशान अलग कर सकें. आना-जाना तो था ही आपका. किसने छुआ ये निकलता है. कब छुआ, क्यों छुआ, ये थोड़े ही निकलता है."

जमादार मात्र हसला नाही. त्यानं एकेक अक्षर लिहून घेतलं आणि माझ्या गालातून काडी फिरवून घेतली. रिपोर्ट येईपर्यंत दारावरची प्रत्येक थाप मला पोलिसांचीच वाटायची.

काही महिन्यांनी चोर दुसऱ्याच घरफोडीत सापडला. किल्लीवर माझ्यासोबत त्याचेही कण निघाले. एकदाणी तोवर वितळून गेली होती.

शेजारीण माझ्याशी बोलायची, सणाला वाटी पाठवायची. पण गावी जाताना किल्ली समोरच्या घरी द्यायची. मी खिडकीतून पाहायची, दुसरीच बाई त्या तुळशीला भसाभसा पाणी ओतून राहिली. दोन वर्षं पाहिलं. मग एका सकाळी शेजारीण पिशवी घेऊन माझ्या दारात उभी.

"तिनं तुळस सडवली. घे."

तेव्हापासूनच्या सवयीनं पदर पुढे झाला होता. तो मागे घेतला आणि उघडा तळहात पुढे केला. तिनं किल्ली ठेवली आणि माझी बोटं किल्लीवर मिटवली, स्वतःच्या हातानं.