दादर चौपाटीवर रेती रोळताना

सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या तशाच मागच्या मागे पाण्यात पडल्या. ओरडल्या नाहीत. एका लाटेने त्यांना आडवं केलं, दुसरी आली आणि त्या दिसेनाशाच झाल्या. परात धरलेला हात तेवढा वर होता. मी सात-आठ पावलांवर, मांडीएवढ्या पाण्यात उभी. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

त्या पाण्यात आमचं काय काम होतं? सोनं शोधायचं.

गिरण्यांचा संप चालू होऊन बरेच महिने झाले होते. नवरा गावी भातशेतीला गेला होता. डिलाईल रोडच्या खोलीत आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. पोटाला गावचा तांदूळ येत होता, तेव्हा उपाशी होतो असं मी सांगणार नाही. पण दिवस जाता जात नसे. डबा नाही, पाळी नाही, घाई नाही. दोघी समोरासमोर बसून एकमेकींचं डोकं खात होतो.

आमच्या चाळीत एक कोळीण मासे विकायला यायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "घरात भांडताव कशाला? चौपाटीवर जा. इसर्जनाला लोकांची नाणी पडतात, अंगठ्या पडतात. पानी मागे गेलं की रेतीत गावतात. कुनी अडवत नाय."

सासूबाई म्हणाल्या, "देवाचा आसा ता."

"देव गेला गावाला. ठेवून गेला तुमच्यासाठी."

तेवढं सासूबाईंना पटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, दोन पराती घेऊन आम्ही प्रभादेवीवरून चालत गेलो. सहाला पोचलो. पाणी मागे मागे जात होतं. चार-सहा माणसं आधीच वाकलेली होती. कोणी चाळणी आणलेली, कोणी नुसत्या हाताने उकरत होता.

आम्हाला शिकवायची गरज नव्हती. रेशनचा तांदूळ आम्ही वर्षानुवर्षं रोळत होतो. भांडं पाण्यात गोल हलवायचं, तांदूळ पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात सोडायचे, खडे तळाला राहतात. रेतीचंही तेच. फक्त इथे वरचं जाऊ द्यायचं आणि तळाचं ठेवायचं. मी सवयीने वरची रेती जपली आणि तळ फेकून दिला.

सासूबाई म्हणाल्या, "गो, रेतीचो भात करूचो आसा काय?"

त्यांचा हात मात्र असा फिरायचा की शेजारची माणसं काम सोडून बघत राहायची. तीन सकाळी आम्ही गेलो. चिल्लर मिळाली, एक पितळी घंटा मिळाली आणि एक सोन्याचा मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. मणी सासूबाईंना मिळाला. घरी येईपर्यंत त्यांनी पदराची गाठ सोडून तो चौदा वेळा बघितला. मी इतकी हसले नव्हते कित्येक महिन्यांत.

पितृपक्ष लागला होता. सासऱ्यांचं श्राद्ध दशमीला. ते होईपर्यंत चौपाटी बंद, असं सासूबाईंनी ठरवलं. एकादशीला आम्ही परत निघालो. तीच वेळ, सकाळी सहा.

चूक तिथे झाली. आम्ही गिरणीवाल्यांच्या घरातल्या बायका. आमचं आयुष्य भोंग्यावर चाललेलं. पहिली पाळी सातची म्हणजे सातचीच, आज काय आणि दहा वर्षांनी काय. समुद्रही रोज सहाला मागे जातो असं आम्ही धरून चाललो. मावशीला विचारावं असं मनातही आलं नाही. विचारायचं काय त्यात?

पाणी जरा जवळ वाटलं, पण पुढे रेतीचा एक उंचवटा उघडा होता. मधल्या खोलगट भागातलं घोट्याएवढं पाणी तुडवून आम्ही तिथे जाऊन बसलो. काम लागलं की सासूबाईंना जगाचं भान नसायचं. मलाही नव्हतं. मान वर केली तेव्हा मधल्या खोलगट भागात गुडघाभर पाणी. मी उठून, "आई, चला!" म्हणत काठाकडे निघाले आणि मागे वळून बघते तर त्या अजून परातच फिरवतायत. तेवढ्यात ती लाट आली.

मी परत गेले. धाडस वगैरे काही नाही. नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. पाण्यात हात घातला तर अंबाडा लागला. तोच धरला आणि ओढलं. नऊवारीत रेती भरलेली, बाई दगडासारखी जड. माझेही पाय सुटायला लागले.

मावशीचं घर तिथून जवळ, किनाऱ्यालाच. तिच्या नवऱ्याची होडी आली का बघायला ती आली होती. ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. "परात सोड गो! परात!" सासूबाईंनी परात सोडली नाही. शेवटी मावशीने त्यांना काखेत धरलं, मी अंबाड्याला, आणि दोघींनी फरफटत काठावर आणलं.

सासूबाईंचे डोळे उघडे, पण तोंड घट्ट मिटलेलं. एक गाल फुगलेला. मला वाटलं दातखीळ बसली, संपलं. मावशीने पाठीत दणका घातला. सासूबाईंनी तळहात पुढे केला आणि त्यावर अंगठी थुंकली. सापडली तशी तोंडात ठेवली होती. हातात परात होती ना!

मग पहिलं वाक्य मला. "माझो अंबाडो कित्याक ओढलंस?"

मी तिथेच रेतीत बसले. रडायचं होतं, पण हसूच आलं.

मावशी आम्हाला झाडत होती. "आज एकादस! या टायमाला पानी भरतं, हे आमची शेंबडी पोरं सांगतील. समुद्र काय गिरनीत कामाला हाय?" मग सासूबाईंकडे बघून म्हणाली, "तोंड बंद ठेवलंस म्हनून जगलीस. सून असती तर बुडाली असती."

सासूबाईंना हा विनोद फार आवडला. चाळीत त्यांनी तो सगळ्यांना सांगितला, मी बाजूला उभी असताना.

लालबागच्या सोनाराने अंगठी दगडावर घासली. आत तांबं, वर नुसता मुलामा. सासूबाई म्हणाल्या, सोनाराला दिसत नाही. अंगठी त्यांनी बोटात घातली ती काढली नाही.

नवऱ्याची गिरणी पुन्हा उघडली नाही. तो एका सोसायटीत वॉचमन झाला. चौपाटीवर आम्ही पुढे बरीच वर्षं गेलो, पण आधी मावशीला तिथी सांगून. तिने जा म्हटलं तरच.

त्या सकाळी पाण्यात आम्ही तिघी होतो. तिघी जगलो. सासूबाई आणखी अठरा वर्षं जगल्या आणि घरात, अंथरुणावर, म्हातारपणाने गेल्या. मावशी त्यांच्यानंतर गेली. मी आहे.